स्मृतिकेंद्र बांधायचंय? आधी जमीन कोणाच्या नावावर ते बघा, मग खड्डा घ्या, नकाशा त्यानंतर

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात तुमच्या बेने इस्रायल (मराठी ज्यू) समाजाची 16-17 घरं आहेत. त्यातल्या एका घरातला 19 वर्षांचा मुलगा गेल्या वर्षी गेला. त्याच्या आई-वडिलांकडे शहराच्या कडेला तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे आणि तिथं त्याच्या नावानं तरुणांसाठी केंद्र बांधायचं घरच्यांच्या मनात आहे. इस्रायलमधले नातेवाईक पैसे द्यायला तयार आहेत. सुरुवात कुठून करायची आणि किती मोठं बांधायचं, हे तुम्ही विचारलंय. त्या घराच्या दुःखात आम्ही सगळे आहोत. मी सोलापूर भागात संस्थांच्या छोट्या इमारतींची कामं करतो, म्हणून कामाच्या अंगानं सविस्तर लिहितो.

तुम्ही बांधकामाचं विचारलंय, पण खरी अडचण बांधकामाची नाही. 16-17 घरांतून तरुण मुलं निघून निघून किती, फार तर वीस. त्यातली निम्मी पुण्या-मुंबईला किंवा इस्रायलला जाणार. मग 15 वर्षांनी किल्ली कोणाकडे असेल, लाइटबिल कोण भरेल आणि संध्याकाळी दार कोण उघडेल? चीनमध्ये जखमींची सेवा केलेल्या आपल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसारख्या माणसाचं स्मारक म्हणून जपलेलं घर शोभतं, कारण तिथं दाखवायला इतिहास आहे. 19 वर्षांच्या मुलाच्या वस्तू मोजक्याच असतात. त्याची आठवण वापरात राहिली तरच राहील. म्हणून माझा आग्रह असा की इमारत छोटी, रोज उघडणारी आणि समाजाबाहेरच्या मुलांनाही आत घेणारी हवी. पुढचं सगळं त्याच हिशोबानं सांगतोय.

बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत: प्लॉट एनए (बिगरशेती) आहे की गुंठेवारीचा (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेला), काळी माती किती खोल आहे, पैसे देणाऱ्यांचा पासपोर्ट कुठला आहे. ही तीन उत्तरं आल्याशिवाय खर्चाचा आकडा कोणी सांगत असेल तर तो अंदाजपंचे आहे.

जमिनीपासून सुरुवात करू. शहराच्या कडेचे तीन-तीन गुंठ्यांचे प्लॉट बऱ्याचदा नुसत्या नोटरीच्या कागदावर घेतलेले असतात. नोटरीनं मालकी येत नाही. नोंदणीकृत खरेदीखत लागतं. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मंजूर लेआउट, झोन दाखला आणि मोजणीचा नकाशा हे चार कागद समोर ठेवा. गुंठेवारी असेल तर 2001 च्या कायद्याखाली ती नियमित करून घेतल्याशिवाय बांधकाम परवान्याच्या मागे लागू नका. आणि झोन दाखला काढताना 'सामाजिक सभागृह व अभ्यासिका' असा वापर सांगूनच काढा. घर म्हणून परवाना घेऊन आत केंद्र चालवलं की भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरायच्या परवानगीच्या) वेळी अडतं, आणि पुढं शेजाऱ्याच्या एका तक्रारीवर कुलूप लागू शकतं.

कागद सरळ असले की ट्रस्ट. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा 1950 चा. नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. जमीन घरच्यांच्या नावावर आणि इमारत ट्रस्टच्या पैशातून, असं कधीही करू नका. आज सगळे एकदिलानं बोलतात, पण वारस वाढले की तोच प्लॉट वाटणीत येतो. नोंदणीकृत बक्षीसपत्रानं जमीन ट्रस्टला द्या, मुद्रांक शुल्काची तरतूद आधीच धरा, आणि हे झाल्यावरच पाया खणा. मात्र एक गोष्ट घरच्यांना नीट समजावून सांगा: एकदा ट्रस्टची झालेली जागा विकायला, गहाण ठेवायला किंवा तीन वर्षांहून जास्त भाड्यानं द्यायला धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. ती जागा परत घरची होत नाही. हे ठाऊक असूनच आई-वडिलांनी सही करावी.

विश्वस्त पाच किंवा सात ठेवा. त्यात घरचे दोन असावेत, बहुमत त्यांचं नसावं, आणि निदान एक जण तिशीच्या आतला असावा. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हा अर्ज राहून जातो, आणि मग बँक विचारते की सही करणारे कोण, तेव्हा कागदावर हयात नसलेली माणसं निघतात.

ट्रस्टच्या उद्देशाचं कलम लिहिताना सगळ्यात जास्त काळजी घ्या. केंद्र फक्त एका धर्माच्या किंवा जातीच्या लोकांसाठी असं लिहिलंत, तर आयकराची धर्मादाय सवलत आणि देणगीदारांची वजावट दोन्ही अडतात. 'परिसरातील सर्व तरुणांसाठी अभ्यासिका, वाचनालय, खेळ व प्रशिक्षण' हा मुख्य उद्देश लिहा, आणि बेने इस्रायल वारसा, भाषा व सण यांचे कार्यक्रम हा त्यातला एक उपक्रम म्हणून ठेवा. शब्दरचना धर्मादाय संस्थांची कामं करणाऱ्या सीएकडून तपासून घ्या. महाराष्ट्रानं 2016 साली ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिलाय. त्याचा उपयोग योजनांसाठी होईल, पण येणारं अनुदान बजेटमध्ये धरू नका.

आता इस्रायलचे पैसे. इथं चांगल्या मनाची माणसं नकळत अडचणीत येतात. देणारा इस्रायलचा नागरिक असेल तर तो परदेशी स्रोत. त्याचे आजोबा रोह्याचे असोत, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असो, घरी तो अजून मराठी बोलत असो, कायद्याला फरक पडत नाही. त्यानं इथं येऊन रुपयात दिले तरी ती परदेशी देणगीच. ती घ्यायला एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी लागते, आणि त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत तिनं आपल्या कामावर 15 लाख रुपये खर्च केलेले हवेत. तुमचा ट्रस्ट नवा, म्हणजे वाट एकच: पूर्वपरवानगी. ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम, ठरावीक काम, आणि देणाऱ्याचं लेखी वचनपत्र. परवानगी आल्यावर पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात उतरतात. सोलापूरच्या खात्यात थेट एक रुपयाही नको.

'माझ्या खात्यावर पाठवा, मी ट्रस्टला देतो' असं कोणी म्हटलं तर तिथंच थांबवा. नातेवाइकानं नातेवाइकाला दिलेली भेट वेगळी. ती ट्रस्टकडे वळवायची पळवाट म्हणून वापरली की गुन्हा होतो. मात्र तिकडं नोकरीला असलेला, पण अजून भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून नेहमीच्या बँकेमार्गे देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. म्हणून आजच देणाऱ्यांची यादी करा आणि प्रत्येकाच्या नावापुढं पासपोर्ट लिहा. पहिला टप्पा भारतीय पैशातच बसवा. पूर्वपरवानगीचे पैसे दुसऱ्या टप्प्याला ठेवा. काम अर्धवट उभं राहून सळया गंजत बसण्यापेक्षा हे बरं.

हातात येईल त्यातले 70 टक्केच बांधकामात घाला. वीज, पाणी, मालमत्ता कर आणि दार उघडणाऱ्या माणसाचा पगार मिळून महिन्याला 15 हजार धरले, तर वर्षाला 1 लाख 80 हजार होतात. सहा टक्के व्याजानं एवढं मिळवायला 30 लाखांची ठेव लागते. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण म्हणूनच इमारत छोटी ठेवायची. तेवढी ठेव जमणार नसेल तर अभ्यासिकेची माफक मासिक फी आणि प्रत्येक घराची वार्षिक वर्गणी आधीच ठरवून लिहून ठेवा. ठेव ठेवायची ती बँकेत, पतपेढीत नको.

एवढं झालं की जमिनीत हात घाला. सोलापूरची काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते. मे महिन्यात प्लॉटवर उभं राहून बघा: भेगेत अख्खा हात मनगटापर्यंत जातो, आणि सप्टेंबरच्या पावसानंतर तीच भेग दिसतही नाही. ही हालचाल इमारतीच्या खाली झाली की काय होतं, ते तुम्ही कितीतरी घरांत बघितलं असेल: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरणारी भेग, आणि मधोमध फुगलेली फरशी.

तीन खड्डे घ्या, दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत आणि एक मधे, चार बाय चार फुटांचे, कडक मुरूम लागेपर्यंत. चार-पाच फुटांच्या खाली गेलात तर बाजूंना आधार द्या. काळ्या मातीची उभी भिंत सूचना न देता ढासळते. पायाच्या पातळीवरची माती प्रयोगशाळेत द्या. ती परीक्षा साधी असते: 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये 24 तास ठेवतात. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. फुगवटा 50 टक्क्यांच्या वर आला की ती माती अतिशय फुगणारी समजायची.

मुरूम सहा-सात फुटांच्या आत लागला तर फुटिंग (कॉलमखालचा रुंद पाया) सरळ मुरमात नेऊन बसवा. दहा-बारा फूट काळीच असेल तर खणाई परवडत नाही. तिथं खाली फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल घ्या, 300 मिमी खांब आणि अडीचपट म्हणजे 750 मिमीचा फुगा, साडेतीन मीटर किंवा जास्त खोल. अशा वेळी जमिनीलगतच्या बीमखाली 80 मिमी मोकळी पोकळी ठेवायलाच हवी. गवंडी ती 'भरून काढू का?' म्हणून विचारतो आणि आपण हो म्हणतो, मग माती फुगून बीम वर उचलते.

जोत्याच्या आतली काळी माती निदान तीन फूट काढून टाका. भराव मुरमाचा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. खणलेली काळी माती परत आत टाकायची नाही, कितीही सोयीची वाटली तरी. इमारतीभोवती चार-पाच फुटांचा फरशीचा पट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा. शोषखड्डा आणि पाण्याची टाकी पायापासून लांब, कारण एकाच कोपऱ्यात पाणी मुरत राहिलं की तोच कोपरा फुगतो. स्मृतिवृक्ष लावायचा असेल तर दारापाशी नको. कुंपणाच्या कोपऱ्यात, इमारतीपासून वीसेक फूट लांब. झाडाची मुळं उन्हाळ्यात पाणी शोषतात आणि त्या बाजूची माती खचते.

भूकंपाच्या नकाशावर (भारतीय मानक 1893, आवृत्ती 2016) सोलापूर तिसऱ्या झोनमध्ये आहे, आणि 1993 चं किल्लारी आपल्यापासून फार लांब नाही. तरी आपल्याकडे नऊ इंची कॉलमची सवय सुटत नाही. 2016 पासूनच्या भारतीय मानक 13920 प्रमाणं कॉलमची लहान बाजू 300 मिमी हवी. रिंगांचे हुक 135 अंशांत आत वळलेले हवेत, 90 अंशांत नुसते टेकवलेले नकोत. बीम जिथं कॉलमला मिळतो त्याच्या वर-खाली किमान 450 मिमी पट्ट्यात रिंगा 75 मिमीवर. काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी विश्वस्तांपैकी एकानं टेप घेऊन हे मोजावं. त्याला इंजिनिअर असायची गरज नाही. क्युरिंग आपल्या उन्हात किमान 10 दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर 14. बोअरचं पाणी आधी तपासा. सळयांच्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आत हवं.

नकाशा तळमजल्यापुरताच, पण पाया एक मजला वाढेल असा. 20 बाय 40 फुटांचा एक हॉल, 12 बाय 16 ची अभ्यासिका, स्वयंपाकघर, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, समोर पडवी. लांब बाजू पूर्व-पश्चिम, खिडक्या उत्तर-दक्षिणेला, पश्चिमेची भिंत जाड आणि जवळजवळ बंद. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढरी चायना मोझेक. नाहीतर एप्रिल-मेच्या दुपारी अभ्यासिकेत कोणी बसणार नाही आणि केंद्र ऐन परीक्षेच्या दिवसांत ओस पडेल. जमिनीला शहाबादी चालेल. हॉलला बाहेर उघडणारे दोन दरवाजे हवेत. मुंबईत 26 नोव्हेंबर 2008 ला नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून ज्यू वास्तूंना सुरक्षेचा विचार टाळता येत नाही. आत यायचं फाटक एकच असू द्या, पण बाहेर पडायच्या वाटा दोन.

पाणी आपल्याकडे काही दिवसांआड येतं, हे लक्षात घेऊन टाकी धरा. 60 माणसं, माणशी 25 लिटर, पाच दिवस म्हणजे 7,500 लिटर. जमिनीखाली 10 हजारांची टाकी घ्या. 150 चौरस मीटर गच्चीवर वर्षाला 700 मिमी पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी सुमारे 84 हजार लिटर पाणी मिळतं. ते बोअर पुनर्भरणाला द्या, पायाजवळ मुरवू नका.

तुमच्या समाजाच्या चालीरीतींसाठी काही गोष्टी आत्ताच नकाशात घ्याव्या लागतील, नंतर फोडाफोड होते. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, तेव्हा बटण दाबायचं नाही. म्हणून पडवी, स्वच्छतागृह आणि हॉलमधल्या पंख्यांची एक रांग वेगळ्या एमसीबीवर (बोर्डातल्या खटक्यावर) टायमर लावून घ्या. माणसाची चाहूल लागली की पेटणारे सेन्सरचे दिवे आणि सेन्सरचे नळ बसवू नका. इलेक्ट्रिशियन हौसेनं सुचवतो. फाटकाला साधं किल्लीचं कुलूप.

स्वयंपाकघरात मांसाहार आणि दूध एकत्र येत नाही. जागा असेल तर दोन ओटे आणि दोन सिंक. तीन गुंठ्यांत मी सुचवीन की हे स्वयंपाकघर बिनमांसाचंच ठरवा. शेजारच्या सगळ्या मुलांनाही ते चालतं. जेवणाआधी हात धुवायचं बेसिन हॉलच्या दाराशी, स्वयंपाकघराबाहेर. मलिद्याच्या (तुमच्याकडच्या आभारविधीच्या) दिवशी पोहे, गूळ, ओलं खोबरं आणि फळांची मोठी ताटं एकाच वेळी लागतात, तेव्हा एक सहा-सात फुटांचा मोकळा ओटा ठेवाच, आणि खाली बसून नारळ खवायला जागा.

सुक्क्याचा, म्हणजे सुक्कोत सणाचा मांडव उघड्या आभाळाखाली हवा. स्लॅब किंवा झाड वर चालत नाही. तो सण सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नेमका आपल्या परतीच्या पावसात. अंगणात चार कोपऱ्यांना पाइप उभे करायच्या खोबणी फरशी बसवतानाच गाडून ठेवा आणि अंगणाला नीट उतार द्या. गच्चीवर मांडव घालणार असाल तर कठडा चार फुटांचा करा. छताला कठडा बांधण्याची आज्ञा तुमच्या तोरातच (धर्मग्रंथातच) आहे, पाचव्या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात. नियमावलीही सुमारे तेवढंच मागते. मझुझा (तोरातली वचनं असलेली छोटी डबी) दाराच्या उजव्या चौकटीवर, वरच्या तिसऱ्या भागाच्या खालच्या टोकाला येते. तेव्हा मुख्य दरवाजाची चौकट ग्रॅनाइटची न करता लाकडाची ठेवा.

स्मृतिशिला शेवटी, पण घाईनं नाही. पुतळा किंवा अर्धपुतळा करू नका, तुमच्या परंपरेत मूर्ती बसत नाही. फोटो लावायचा का, हे आई-वडिलांना ठरवू द्या. शहाबादी दगडावर अक्षरं कोरू नका. त्याचे पापुद्रे सुटतात. काळा ग्रॅनाइट, दोन फूट बाय दीड फूट, अक्षरं किमान 25 मिमी उंच आणि 3 मिमी खोल. नुसत्या चिकटवणीवर भरवसा नको, चारही कोपऱ्यांना स्टेनलेस स्टीलच्या पिना. मजकूर मराठीत आणि हिब्रूत: नाव, वडिलांचं नाव, दोन्ही पंचांगांतल्या तारखा. देवाचं नाव कोरू नका, कारण तसा दगड तडकला तर तो टाकून देता येत नाही.

हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, आणि कोरणाऱ्याच्या संगणकावर मजकूर चिकटवला की अक्षरांचा क्रम उलटतो. बघणाऱ्याला कळत नाही, कारण अक्षरं दिसायला बरोबर असतात, शब्द मात्र उलटा झालेला असतो. म्हणून खऱ्या मापाची कागदी प्रत काढा, हिब्रू वाचणाऱ्या दोघांकडून बोट ठेवून मोठ्यानं वाचून घ्या, त्यांची सही घ्या आणि तीच प्रत कोरणाऱ्याला द्या. शिलेखाली एक फूट बाय एक फूट, नऊ इंच खोल कोनाडा ठेवा, वर धूर जायला फट. स्मृतिदिनाला दिवा रात्रभर आणि दिवसभर तेवतो, आणि पडवीतल्या वाऱ्यानं तो विझू नये. हा दिवस हिब्रू पंचांगाप्रमाणं येत असल्यामुळं इंग्रजी तारीख दरवर्षी पुढं-मागं होते. पुढच्या दहा वर्षांच्या तारखा काढून कार्यालयात लावा, म्हणजे नवीन आलेल्या विश्वस्तालाही विचारावं लागणार नाही.

सध्या एवढंच करा: उतारा काढा, देणाऱ्यांची पासपोर्टसह यादी करा, आणि पावसाआधी तीन खड्डे घ्या. उताऱ्यावर कोणाचं नाव आहे आणि मुरूम किती फुटांवर लागला, हे इथं लिहा. खड्ड्याच्या बाजूचा फोटो टेप लावून टाकलात तर पाया फुटिंगचा की पाइलचा, ते लगेच सांगता येईल.